ई की आय

डंडीच्या हॉस्पिटलात, तळमजल्यावर,
बॉयलरच्या खोलीला लागून माझं टेबल.
कानात डॉक्टर मॅकअल्पिन सँडविच चावतात, खोकतात,
आणि म्हणतात, इलियम.

पेडलवरचा पाय काढते.
टेप मागे. पुन्हा इलियम.
स्पेलिंगमध्ये ई असेल तर लहान आतड्याचं शेवटचं टोक,
आय असेल तर कमरेचं हाड, सुपासारखं पसरट.
उच्चार एकच. मिस्टर पेट्रीही एकच,
वय चौऱ्याहत्तर, पूर्वी तागाच्या गिरणीत,
आणि त्यांचं दुखतंय कुठे ते वाक्य
खोकल्यात गेलेलं.

शेजारची रोना म्हणते, टाक अंदाजाने.
मला नाही जमत.
मिरजेला बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे.
सातवीच्या शास्त्राच्या पुस्तकात एकदा
शीरच्या जागी शिर पडलं.
"दंडाला दोरी बांधली की शिर फुगते."
वर्गच्या वर्ग हसले असतील.
बाबा नाही हसले.
दोन हजार शुद्धिपत्रं, बोटभर रुंद,
एकट्याने चिकटवली,
आठवडाभर त्यांच्या घासाला खळीचा वास.

माझी युक्ती मी इथे कुणाला सांगितलेली नाही:
आय, म्हणजे आय. पोर कडेवर घेते,
ते टेकतं ते हाड.
ई, म्हणजे ई!
कोंबडी साफ करताना हाताला लागतं ते.
रोनाला हे कसं समजावणार?

पण युक्तीने स्पेलिंग येतं,
मिस्टर पेट्री येत नाहीत.
तीन जिने चढले.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, "कुठलं होतं बरं?"
आणि स्वतःचाच हात पोटावर ठेवला.
काढला. कमरेवर नेला.
तो तिथेही नीट टेकेना.
फाइल मागवली, तर ती एक्स-रेवाल्यांकडे.

रविवारी फोनवर बाबांना सांगितलं.
"मराठीत कसं लिहितात गं?"
"सारखंच, बाबा. दोन्ही इलियम."
लाइनवर खरखर. पैसे पळत होते.
"मग खिळ्याचा दोष नाही," म्हणाले.
मी ठेवणार, तेवढ्यात,
"आणि त्या म्हाताऱ्याचं काय निघालं?"

मंगळवारी कळेल.