केस डोक्यावर ठेव

पहिल्याच आठवड्यात ग्लोरी मॅडमनी वहीत उतरवून घेतलं,
कुणी तापलं की तिकडची माणसं एकमेकांना काय म्हणतात.
घोडे आवर.
मान आत घे.
चड्डीला पीळ पडू देऊ नकोस.
आणि कीप युअर हेअर ऑन,
म्हणजे केस डोक्यावर ठेव.
अख्खी बॅच हसली. मी जरा जास्तच.
माझे वडील रामकुंडावर केस उतरवतात.

मॅडमनी बजावलं, हे आपण म्हणायचं नाही,
त्यांनी म्हटलं तर समजून घ्यायचं फक्त.

अंबडला तिसऱ्या मजल्यावर, रात्री दोन वाजता,
आम्ही लीड्सचे बॉयलर दुरुस्त करतो,
म्हणजे दुरुस्त करणाऱ्याची तारीख देतो.
त्या रात्री मिसेस हॉलरॉइड. आवाजावरून ऐंशीच्या पुढे.
घर गार पडलेलं, तारीख थेट गुरुवारची,
आणि घाबरले मीच.
माफी, नियम, परत माफी, तक्रार क्रमांक,
एका दमात, तेराचा पाढा म्हणावा तसं.
ती खोकली. म्हणाली,
केस डोक्यावर ठेव गं पोरी,
मी दोन स्वेटर घातलेत.
तुमच्याकडे आहे का थंडी?
मी म्हटलं, आहे.

रेकॉर्डिंगमध्ये तेवढं एक जास्तीचं निघालं.
दोन गुण गेले.

सकाळी डबा घेऊन तशीच गंगेवर.
नाना एका मुलापुढे उकिडवे.
कुणाचा तरी दहावा. पोरगा असेल अकरा-बाराचा,
ओले केस कपाळाला चिकटलेले, मान लटलट हलत होती.
मागून मामा, रडायचं नाही, नीट बस,
गुरुजी खोळंबलेत.
नानांनी वस्तरा मिटला.
गुरुजींना सवय आहे, म्हणाले, मामांकडे न बघता.
मग मुलाला, शाळेत चिडवतील?
त्यानं मान डोलावली.
टोपी घालून जायचं. तीन आठवड्यांत बोटाला लागतात.
मी मोजलंय.

मागची रांग चुळबुळली. कुणीतरी घड्याळ पाहिलं.
नाना तुरटी पुसत बसले,
पुसलेलीच पुन्हा.

शेवटी मुलगाच म्हणाला, करा.
पाणी तेवढं गार आहे.

नाना म्हणाले, आहे.