आतून आरसा

उद्यमबागेत एकोणचाळीस वर्षं लेथवर उभा आहे.
पंपाचे इंपेलर, ट्रॅक्टरची बुशिंगं, चरकाचे दात,
जे केलं ते ग्रीसमध्ये बुडालं, चिखलात गेलं.
आत डोकावून कुणी पाहिलं नाही.

मग देसूरहून ड्रॉइंग आलं.
दोनशे लिटरचं भांडं, स्टेनलेस,
आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं दोनच शब्द: आतून आरसा.
होसमनी मॅडम अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत म्हणाल्या,
"काका, एक ओरखडा राहिला तरी परका जंतू त्यात बिऱ्हाड करतो.
मग आठवड्याची बॅच गटारात."
"आणि आपला जंतू कुठला?"
"निपाणीचा. तंबाखूच्या वखारीमागच्या मातीतला.
विष खाऊन जगूलालाय तिथं, कधीपासून कुणास ठाऊक."

माझी आत्या त्याच वखारीत खोकत म्हातारी झाली.
तिच्या पायाखाली हा बसला होता,
निवांत जेवत.

आमचे वडील व्हॅक्सिन डेपोत वासरांना चारा घालायचे.
वासराच्या पोटावर देवीची लस पिकायची,
ती खरवडून काचेच्या नळ्यांत भरायची.
घरी आले की अंगाला ओल्या गवताचा वास, वर कार्बोलिकचा.
टिळकवाडीत लोक विचारत, "सरकारी गवळी काय रे तू?"
"होय की. पण दूध नव्हे, पू काढतोय आम्ही."

आता देसूरच्या रस्त्याला शेडला लागून शेड.
आधी मॅडमची एकटी होती, मागं बाभळी.
मग तपासणीची लॅब आली,
मग मच्छेचा एक पोरगा थंड पेट्या बनवू लागला,
भातकांड्यांची सोड्याची फॅक्टरी पाण्याचे कॅन भरू लागली,
पाणी इतकं शुद्ध की पिऊ नका म्हणतात.
चहावाला इराप्पा किटलीला ऑटोक्लेव्ह म्हणतो.
कमानीवरची पाटी एकदा काळी झाली, दोनदा बदलली.
आत जंतूला नाव नाही, नंबर आहे,
म्हणून त्याच्यावरून अजून तरी कुणी भांडलं नाही.

परशराम हलगेकरनं रताळ्याचं शिवार विकलं.
त्याची प्रणोती त्याच जागेवर, पांढऱ्या टोपीत,
काचेच्या बशीत बघत बसते.
बाप फाटकाशी डबा घेऊन येतो, विचारतो, "आज काय पिकलं?"
"ठिपके, बाबा. दोनशे चौदा."
तो मान हलवतो, एकरी हिशोब करतोय असं वाटतं.

भांडं पोचवलं त्या दिवशी
मला बुटांवर पिशव्या चढवायला लावल्या.
जे मी तीन आठवडे हातांनी घासलं
त्याला हात लावायचा नाही, एवढंच सांगितलं.
गोल काचेतून बघितलं, काच मीच बसवलेली.
आत माझं तोंड दिसलं, जरा ताणलेलं,
आणि त्याच्याखाली, तळाच्या नळीपाशी,
तो एक वेल्डिंगचा जोड.
सगळ्या तपासण्या झाल्या, कागदावर सह्या झाल्या.
तरी तो जोड मी ओळखतो.
त्या दुपारी लाईट दोनदा गेली होती.

रात्री अडीचला फोन लावला.
वॉचमन सिद्राय झोपेत होता.
"फेस आला काय रे?"
"कसला फेस, काका?"
"काचेतून बघ जा."
चपलांचा आवाज लांब गेला.
मी फोन कानाला धरून बसलो,
नखातलं काळं काढत.