तीन तोंडांची डबी

एप्रिलात, दुपारी दोनला, विडी घरकुलातल्या पत्र्यावर
चप्पल पाय उचलू देत नाही.
कमरेला वायरचं वेटोळं, दातात पकड,
आणि खालून यमुलांचा थोरला ओरडतोय,
"मौलाली, आधी आमच्याकडं बघ बे,
मग त्याच्याकडं."

सेट टॉप बॉक्स यायच्या आधीची गोष्ट.
गड्ड्याचे पाळणे उतरायच्या आत
या घरात भिंत उठली होती, एका विटेची,
गिलावा फक्त थोरल्याच्या बाजूनं.
माग वाटले, दोन आणि दोन.
कांड्यांचं मशीन विकून पैसे वाटले.
केबल तेवढी एकच राहिली,
महिन्याचे दीडशे एकट्यानं कुणालाच द्यायचे नव्हते.

मी सांगितलं, डबी टाकली की सिग्नल वाटला जातो,
पण चोख अर्धा-अर्धा नाही हो.
मधल्यामध्ये थोडा डबीच खाते.
धाकटा म्हणाला,
"म्हणजे वकिलागत."

पुढचं दार अजून एकच होतं.
त्या उंबऱ्यात नरसम्मा, मांडीवर सूप,
कात्रीनं पान कापता कापता, मान वर न करता म्हणाली,
"आणि माझं?"
"तुझ्याकडं टीव्ही कुठाय, अम्मा?"
दोघं एकदम बोलले.
चार महिन्यांत पहिल्यांदा एकच वाक्य.
"नसू दे," ती म्हणाली, "तोंड असू दे."

मग सायकल काढून साखर पेठेत गेलो,
तीन तोंडांची घेऊन आलो.

आता हे कुणाला सांगत नाही मी,
तीन तोंडांच्या डबीत तिन्ही तोंडं सारखी नसतात.
आत आधी दोन वाटे होतात,
मग त्यातल्या एकाचे पुन्हा दोन.
एकाला निम्मं, बाकीच्यांना पाव-पाव.
पत्र्यावर बारीक आकडे असतात,
साडेतीन, सात, सात.
जेवढा आकडा लहान तेवढा जोर मोठा.
हे उलटं गणित डोक्यात शिरायला मला वर्ष लागलं होतं.

वायर सोलली.
वरचं काळं कातडं, मग जाळी, मग पांढरा फोम,
मध्ये तांब्याचा एक धागा.
जाळीचा एक केस जरी त्या धाग्याला टेकला
तरी चित्र गेलं.
यमुलांचा बाप असता तर माझ्यापेक्षा नीट सोललं असतं त्यानं,
साठ नंबरचं सूत अंधारात जोडणारा माणूस.

पहिलं तोंड उन्हात तापून बोटाला चावत होतं.
थोरला खालून विचारत होता, झालं का.
धाकटा खालून विचारत होता, त्याचं झालं का.
मी दोघांना सात-सात दिलं.
साडेतीनावर टोपी घातली, पकडीनं आवळली.

खाली दोन्ही टीव्ही लागले.
थोरला धाकट्याच्या खोलीत डोकावून आला,
धाकटा थोरल्याच्या.
तेवढ्याच मुंग्या इकडं, तेवढ्याच तिकडं.
दोघंही खूश.

अम्मानं तांब्या पुढं केला.
"माझं कुठलं?"
"टोपी घातलेलं."
"बंद केलंस?"
"झाकलंय. मोकळं तोंड उघडं ठेवलं
तर गेलेला सिग्नल धडकून माघारी येतो,
आणि दुसऱ्यांच्या चित्रात
भूत होऊन उभा राहतो."
ती हसली. दात विडीच्या पानासारखे.
"मग बरोबर आहे," म्हणाली,
आणि सुपात हात घातला.

पुढं वर्षभर दोन्हीकडून तक्रार यायची,
चित्र फिकं आहे, मुंग्या आहेत.
मी म्हणायचो, लाईन जुनी झालीय, बूस्टर बसवा.
खोटं नव्हतं ते.
पुरतं खरंही नव्हतं.

बूस्टर कुणी घेतला नाही.
एकानं घेतला तर दुसऱ्याचंही चित्र सुधारलं असतं.

वसुलीला गेलो की ती तिथंच,
एक कान इकडच्या मालिकेला, एक तिकडच्या,
विडीला दोरा गुंडाळत.
एकदा दीडशे मोजून माझ्या हातावर ठेवले
आणि पत्र्याकडं बघत विचारलं,
"हाय का अजून?"

"हाय की," मी म्हणालो.
"सगळ्यात जोराचं."