हेर धाकलू

बाई मला हेर म्हणाली.
पहिल्याच दिवशी, भर कारखान्यात, "हेर धाकलू."
छिन्नी हातातच राहिली. म्हटलं, बाई, मी पाथरवट,
शिवडीच्या थडग्यांवरची अक्षरं कोरतो,
हेरगिरी माझ्या सात पिढ्यांत नाही.
सोबत दातांचा डॉक्टर होता, तो पोट धरून हसला.
त्यांच्यात हेर म्हणजे राव.

बिस्किटाच्या डब्यात तीनशे बारा रुपये,
त्यात केक विकणाऱ्या दोघी बहिणींची चिल्लर,
लोण्याचा वास येणारी.
म्युनिसिपालटीने बागेत जागा दिली चार फूट, नळाशेजारी.
दगड कुर्ल्याचा, काळा.
वर दोन नावं, खाली एक ओळ.
बाईने खडूने काढून दिली, मी गिरवत गेलो.

विचारलंच शेवटी: हे दोघं देव?
कवी.
कुठले?
तिकडचेच.
जिथनं तुम्हाला हाकललं?
बाईने चष्मा पुसला. मग मोडक्या हिंदीत जे बोलली
ते आपल्यात असं होईल:
घर घेतलं त्यांनी, दुकान घेतलं.
भाषा काय त्यांच्या बापाची?

एका अक्षरावर दोन ठिपके होते.
मला वाटलं खडू सांडला. पुसले.
दुसऱ्या दिवशी त्या जागेवर बोट ठेवून
ती इतकी गप्प झाली
की मला आपला अनुस्वार आठवला.
देतो, म्हटलं, देतो.

सप्टेंबरात लढाई लागली.
डॉक्टरला नेलं, पियानोवाल्या म्हाताऱ्याला नेलं,
ज्यांनी हाकललं त्यांचेच म्हणून.
माझ्याकडेही आला एक साहेब, हेर शोधत.
हे काय कोरलंय?
थडगं, साहेब.
कुणाचं?
दोघांचं.

सात वर्षं दगड पालथा.
त्याच्या पाठीवर छिन्न्यांना धार लावली,
पोरांनी चिंचोके फोडले.
बहिणी बोटीने अमेरिकेला गेल्या.
बाई मधेच गेली, चिंचपोकळीला तिचा दगड मीच केला,
अर्धे पैसे घेतले.
डॉक्टर परतला तेव्हा त्याचेच दात गेले होते.

उभा केला तेव्हा आम्ही पाच जण,
त्यातले तीन हमाल.
डॉक्टरने ओळीचा अर्थ सांगितला होता,
चांगला होता, विसरलो.
ठिपके मात्र जरा जास्तच खोल गेलेत माझ्या हातून.
मुलं नळाला तोंड लावतात
आणि ओली बोटं तिथे खुपसून बघतात,
मावतात का.