एकतीस तारखेच्या आत

निरोप आला तेव्हा मी गंगावेशीत कट्ट्यावर होतो,
ओठावर म्हशीच्या दुधाचा फेस.
प्रिय वापरकर्ते, ही सेवा एकतीस तारखेला बंद होत आहे.
आपलं जे काही असेल ते त्याआधी उतरवून घ्या.

आपलं म्हणजे कुणाचं?
त्या नकाशावर चारशे बारा ठिपके,
त्यातले माझे फक्त नऊ.
बाकीचे ज्यांचे त्यांचे,
पुराच्या त्या आठवड्यात, दहा टक्के बॅटरीवर,
गच्च्यांवरून, मंगल कार्यालयातून, दुसऱ्याच्या माळ्यावरून
लोकांनी टोचलेले.

दुधाळी: गुडघाभर.
अर्ध्या तासानं त्याच ठिपक्याखाली: मांडीभर.
मग कुणीतरी: मांडी कुणाची ते सांगा, माझी का तुमची?
आणि त्याखाली सतरा जणांचं हसू,
पाणी चढत असताना.

सुतारमळा: लाईट न्हाई. म्हातारं माणूस हाय. होडी.
एवढंच. होडी.
त्याखाली अण्णाप्पा मगदूम: आलो.

तो 'आलो' उतरवायला गेलो.
बटण दाबलं, फाईल आली.
उघडली तर अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ,
सगळं नीट रकान्यात बसलेलं.
होडी नव्हती. आलो नव्हता.
उत्तरं या फाईलमध्ये समाविष्ट नाहीत,
असं मदतीच्या पानाच्या तळाशी
बारक्या अक्षरात होतं.

अण्णाप्पा गेल्या वर्षी गेला. काविळीनं, पाण्यानं नव्हे.
त्याच्या भिंतीवरची पुराची रेघ
पोराच्या लग्नात डिस्टेंपरखाली गेली.

मग रात्री बसून हातानंच.
मी वाचायचो, भाची शर्वरी लिहायची,
दोनशेपानी वहीत.
"'पानी' लिहू का 'पाणी'?"
"लिहिलंय तसं."
"आणि बदललेलं?"
बदललेलंही. शुक्रवार पेठेतल्या एका घरावरून
दोन शेजारी तीन दिवस भांडलेत नकाशावर:
पायरी बुडली, नाही बुडली, बुडली.
नऊ वेळा बदललीय ती पायरी.
नऊही लिहिल्या. शर्वरीचं बोट दुखलं.

दिलशाद मुजावरांना फोन केला, विचारायला.
गप्प राहिल्या. मग म्हणाल्या,
त्या रात्री सासूबद्दल काय लिवलंय ते म्हाईत हाय मला.
तेवढं बुडू दे की.
बरं म्हटलं.
वहीत त्या जागी एक ओळ कोरी सोडली.
शर्वरीनं कडेला पेन्सिलीनं लिहिलं: इथं काहीतरी होतं.
ते खोडावं का, अजून ठरत नाही.

तीनशे सत्त्याण्णव झाले आणि पान उघडेना.
आपल्याकडे साडेनऊच वाजले होते,
त्यांच्या देशात एक तारीख उजाडली होती.
पंधरा ठिपके राहिले.
त्यातला एक माझा. काय लिहिलं होतं, आठवत नाही.

महाद्वार रोडच्या झेरॉक्सवाल्यानं दोन प्रती काढल्या,
वाचत वाचत. मध्येच थांबला,
हे आमचं घर की ओ!
पैसे एकाच प्रतीचे घेतले.

वही माझ्या माळ्यावर.
एक प्रत सांगलीला बहिणीकडे धाडणार होतो,
पाकिटावर पत्ताही घातला, मग हात थांबला:
तिकडं कृष्णा.
ती पन्हाळ्यावर मावसभावाला दिली.
काय हाय रे ह्यात, त्यानं विचारलं.
म्हटलं, पाणी.

दुसरी अण्णाप्पाच्या पोराला.
त्यानं पान शोधलं, बघत राहिला.
बाबांचं अक्षर असं नव्हतं.
म्हटलं, नकाशावर अक्षर कुणाचंच नव्हतं,
सगळे सारख्याच टायपात बुडत होते.
ते खरं, म्हणाला.
पण मात्रा ते लांब काढायचे, पार वरच्या ओळीपर्यंत.
पेन हाय का?