सोळा अँपिअर

"ताई, असल्या बोर्डाला हा झेपायचा नाही,"
बागवान म्हणाला, आणि सोळा अँपिअरचं
वेगळं पॉइंट काढून गेला.
भिंतीपासून चार बोटं लांब. वर डबे नकोत,
देव तर नकोतच.

पूर्वी पीठ-तूप पिशवीत घालून
बिबवेवाडीच्या बेकरीत नंबर लावायचे मी,
ट्रेच्या कडेला खडूनं आडनाव: पोटफोडे.
धग तेव्हा दुसऱ्याच्या हाताला.

पहिल्याच गुरुवारी, नानकटाई आत,
आणि वीज गेली.
लाल दिवा विझला. चावीचा टायमर
आपला टिकटिकतोय.
बटण बंद करायचं सुचलं नाही,
ओलं फडकं घेऊन ट्रे ओढला.
ओल्या फडक्यातून चटका असा धावतो
जशी सोसायटीत बातमी.

मनगटावर जाळीची एक रेघ,
बांगडीच्या जरा वर.
दिवा विझला म्हणजे गार झालं असं नसतं,
हे चव्वेचाळीस वर्षं संसार केलेलीला
कुणी सांगायला हवं होतं का?

आता रविवार पेठेतले जाड हातमोजे आहेत.
टिंग वाजलं तरी मी
खुर्चीत बसून राहते थोडी.

ती पहिली खेप, बुडाला करपलेली,
बागवानाला दिली डब्यात.
म्हणाला, "चहात चालतील."