खालचा इओटा

गुरुवार पेठेत, छापखान्यावरच्या खोलीत
आम्ही चौघं. रणभिसे सर फळ्यावर लिहितात:
ब्लास्ता.
उगवणं. अंकुरणं. कोंब फुटणं.
मग शेवटच्या अक्षराच्या पोटाखाली
खडूची एक बारीकशी रेघ. इओटा.
हा लिहायचा. उच्चारायचा नाही.

गोष्ट पाठच आहे. माणूस बी टाकतो,
झोपतो, उठतो, परत झोपतो,
आणि ते वर येतं. कसं, ते त्याला ठाऊक नाही.
व्याकरणालाही नाही, सर म्हणतात.
या एकाच रूपात ‘उगवतं’ आहे
आणि ‘उगवावं’ही. दिसायला हुबेहूब.
मग ओळखायचं कशावरून?
शेजाऱ्यावरून. पुढचं क्रियापद बघा, ‘लांबणं’.
त्याचा स्वरच लांबलाय. म्हणजे विध्यर्थ.
म्हणजे हेसुद्धा, बहुधा, ‘उगवावं’.

सकर्मक की अकर्मक? केझिया उजागरे विचारते.
दोन्ही. कधी बी उगवतं,
कधी जमीन पीक उगवून देते.
मी म्हणते, आपल्याकडे मटकी तर काहीच करत नाही, सर.
मटकीला मोड येतात.
ती नुसती चतुर्थीत बसलेली, ओल्या फडक्यात.
सर हसतात. खालचं यंत्र तेवढ्यात थांबतं,
आणि हसणं जरा जास्तच ऐकू येतं.

याच धातूचं एक स्त्रीलिंगी रूप
एका काठीसाठी आलंय: ‘अंकुरलेली’.
सर खिडकीबाहेर बोट दाखवतात.
दोरीला टेकू म्हणून प्रेसच्या थॉमसनं
शेवग्याची फांदी रोवली होती.
आता तिच्या पाल्यात दोरी सापडत नाही.

तासानंतर मी त्यांना स्कूटरवरून सोडते,
क्वार्टर गेटच्या पुढे, दुसरी गल्ली.
बाईंना मार्चमध्ये झटका आला.
मार्चपासून एक शब्द नाही.
आज कुलूप निघतं, आणि आतून, खुर्चीतून:

आलं.

सर उंबऱ्यातच. एक चप्पल पायात, एक हातात.
नाम की क्रियापद?
चहातलं, की कुणीतरी?
शेजारी दुसरा शब्द नाही.
आम्ही थांबतो. बाई पुन्हा म्हणत नाहीत,
खिडकीकडे बघत राहतात.

सर आत जातात. टोपली उलथीपालथी करून
सुकलेला एक तुकडा काढतात,
आणि ठेचायला लागतात, मोठ्यानं,
तिला ऐकू जाईल इतकं.

मी दार लोटायला जाते.
नको, तिथूनच म्हणतात,
ते उघडंच असू दे.